मावशीला सांगायचं राहिलेलं कॉर्टिसॉल

अकरावीच्या ओरलला मला माझं स्वतःचं नाव आठवलं नव्हतं.

खोटं नाही सांगत. बाहेरून आलेल्या सरांनी आधी नाव विचारलं, मग किडनीचं काम. दोन्ही डोक्यातून साफ गेलं.

रूमवर येऊन बॅग भरली. ठरवलं, वरूडला परत जायचं, बाबांच्या हाताखाली संत्री पॅक करायची. शिक्षण-बिक्षण आपलं काम नाही.

तेवढ्यात बायोलॉजीच्या मॅडम दारात. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांच्या घरी आमची ट्यूशन असायची.

"तुले येते सारं. घाबरली म्हणून गेलं. चाल, थैली घे."

मला वाटलं, समजूत काढायला फिरायला नेताहेत. कसलं काय! बाजारात नेऊन एका भाजीवाल्या मावशीसमोर उभं केलं.

"इले किडनी समजावून सांग. इले समजल्याशिवाय रूमवर जायचं नाही."

मावशी सांबाराच्या जुड्या बांधत होती. (सांबार म्हणजे कोथिंबीर, पुणेकरांनो. इडलीसोबतचा नाही.)

कसंबसं बोलले. मावशीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग देवानं दोन कावून देल्ल्या? एकीत भागत नाही का?"

आता बोला!

पुढच्या आठवड्यात हृदय. मग डोळा. मग डीएनए, आणि त्या दिवशी तर शेजारचा कांदेवालाही येऊन बसला. बारावीपर्यंत अर्धा सिलॅबस मी त्या बाजारात शिकवला. बोर्डाच्या ओरलला सरांनी "बस, बस" म्हणेपर्यंत थांबले नाही!

मॅडम म्हणायच्या, "थोडी भीती पाह्यजेच. बिलकुल नसली त डोकं झोपते. लय झाली त पळून जाते."

मला ते मॅडमचं आपलं एक बोलणं वाटायचं.

मग कित्येक वर्षांनी, अमरावतीत पीएचडी करताना, एक पेपर वाचता वाचता मी खुर्चीतून उडालेच. तिथूनच फोन लावला.

"मॅडम! तुमची थोडी भीती सापडली! कॉर्टिसॉल म्हणतात त्याला, ताण आला की अंगात सुटणारं हार्मोन! मेंदूत त्याचे दोन प्रकारचे रिसेप्टर असतात. पहिला थोडंसं आलं तरी धरून ठेवतो. दुसरा भरपूर आलं की मगच कामाला लागतो. बेतात असलं तर शिकलेलं पक्कं बसतं. पूर आला की आधीचं पाठ केलेलं त्या वेळी बाहेरच येत नाही! माझं नाव गेलं ना, ते असं गेलं!"

मी धापा टाकत होते.

मॅडम म्हणाल्या, "हे मले नको सांगू. मावशीले सांग. तिले समजलं त तुले समजलं."

"येते ना मॅडम, पुढच्या महिन्यात."

पुढचा महिना. मग त्याच्या पुढचा. लॅब, सबमिशन, लग्न, मूल.

मागच्या वर्षी आजच्याच दिवशी मॅडम गेल्या. तरीही मी मावशीकडे गेले नव्हते.

आज गेले.

मावशी तिथेच. केस पांढरे, जुड्या तशाच घट्ट. बसले आणि कॉर्टिसॉलला 'रस' म्हणत सगळं सांगितलं. थोडं आलं तर काय, पूर आला तर काय. आणि हेही सांगितलं की भूतकाळातलं आठवू देत नाही तोच रस त्या घडीला जे घडतंय ते मात्र खोल कोरून ठेवतो.

मावशीचे हात थांबले.

"म्हंजे... मॅडम गेल्या थ्या दिवशी लोकं सांबार मांगत, मी मेथी देऊन राहिल्ती. भाजीचं नाव सुचे ना मले. अन थो दिवस मात्र अजून डोयापुढून हालत नाही. मॅडमचा पोरगा सांगाले आल्ता, त्याच्या सदऱ्याचा रंगबी याद हाय. हे दोन्ही एकाच रसानं झालं का वं?"

"हो मावशी! हो! अगदी तेच!" भरबाजारात ओरडले मी. लोक बघायला लागले. मग दोघीही रडलो.

पीएचडीच्या परीक्षकांनीसुद्धा मला इतका अचूक प्रश्न विचारला नव्हता.

मॅडम, सांगितलं मावशीला. तिला समजलं.

म्हणजे आज मलाही समजलं. उशीर झाला, त्याबद्दल रागवा.

मावशीनं तुमच्या नावानं एक जुडी थैलीत टाकली आहे. ती घेऊन निघते आता.

येते, मॅडम.