गुडघ्यात ठेवलेली जागा

माझ्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया होऊन सहा आठवडे झाले, तरी तो बहात्तर अंशांपुढे वाकेना. नव्वद तरी यायला हवे होते. डॉक्टर म्हणाले, "आणखी आठ दिवस पाहू. नाहीच तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल." बिबवेवाडीला घरी परतताना मनात आलं, इतकी वर्षं रोज दत्ताचं नाव घेतलं, त्याचं हेच फळ का? हे लिहिताना आज संकोच वाटतो, पण आलं ते खरं.

शस्त्रक्रियेत खोट काढायला जागा नव्हती. कारखान्यात मोजमापाच्या खात्यात माझी हयात गेली, त्यामुळे मी आधीच सगळं विचारून घेतलं होतं. रोबोटच्या मदतीनं हाड ठरल्या रेषेवर कापतात, हे लगेच पटलं. पण सांधा नुसत्या हाडांवर चालत नाही, हे मला नवीन होतं. हाडं एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या अस्थिबंधांचा ताण जुळावा लागतो. पाय सरळ असताना आणि वाकवल्यावरही. म्हणून हाड कापण्याआधी डॉक्टर पाय हातानं दोन्ही बाजूंना दाबून पाहतात आणि फट किती उघडते ते पडद्यावर उमटतं. माझी आतली बाजू दोन मिलिमीटर आवळलेली निघाली, म्हणून त्यांनी आखणी तिथल्या तिथे बदलली. "किती ते यंत्र सांगतं, पुरे कुठे ते हाताला कळतं," असं ते नंतर म्हणाले. इतकं नेटकं काम मी माझ्या नोकरीतही क्वचित पाहिलं.

बिघडवलं ते मी. टाच ओढून गुडघा वाकवण्याचा व्यायाम दहा वेळा, दिवसातून तीनदा सांगितला होता. मी जपाची माळ घेऊन बसलो आणि एकेका मण्याला एकदा, असा एकशे आठ वेळा करू लागलो. जास्त केलं की जास्त पदरात पडतं, ही आपली जुनी समजूत. गुडघा सुजला, तर मी दोन माळा केल्या. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, हा गुडघा आहे, नवस नाही." त्यांनी माळ बंद करून बर्फ लावायला लावला. सूज हळूहळू उतरली, पण कुणी पायाला हात लावला की मांडी ताठ व्हायची.

मुदतीच्या सातव्या दिवशी व्यायामाच्या खोलीत भिंतीशी एक मावशी बसल्या होत्या, कात्रजपलीकडच्या. त्यांच्या यजमानांची हीच शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी होती. बाई माझा पाय वाकवू पाहत होत्या, ते बराच वेळ पाहून मावशी म्हणाल्या, "भाऊ, पाय तुमचाच हाय ना?"

"हो."

"मग त्याच्याशी कुस्ती कशापायी? बाईंच्या हातात द्या अन् गप पडा."

"दिलाय की!"

"दिलाय म्हनं! चादर सोडा आधी."

चादर खरोखरच माझ्या दोन्ही मुठींत होती. मला हसू आलं. मावशी डोळे मिटून हलक्या आवाजात दत्ताचं नाव घेऊ लागल्या. माझं दैवत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही डोळे मिटले. किती मिनिटं गेली ते मला सांगता येत नाही. मग बाईंचा आवाज आला, "काका, चौऱ्याण्णव!"

बाईंच्या मते सूज गेली होती आणि स्नायू सैल पडला. तसंही असेल, मी वाद घालत नाही. डॉक्टरांनी तपासून एवढंच म्हटलं, "वाकायला जागा पहिल्या दिवसापासून होती. मीच ठेवली होती. तुम्ही ती वापरू देत नव्हता." हे ऐकून माझे डोळे भरून आले. मी आठवडाभर जे देवाकडे मागत होतो, ते एका माणसाच्या हातून त्यानं कधीच दिलेलं होतं.

मावशींना नमस्कार करायला गेलो, तर आता त्यांच्याच मुठीत पदर आवळलेला होता. "उद्या मालक आत जातील. दुसऱ्याला सांगाया सोपं असतं, भाऊ."

सकाळी मी रिक्षा करून गेलो आणि शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारासमोर त्यांच्या शेजारी बसलो. त्यांचे यजमान बाहेर येईपर्यंत आम्ही नाव घेत होतो. मावशींनी माझं मनगट दुखेपर्यंत घट्ट धरलं होतं. मी ते धरू दिलं.