डाव्या कोपऱ्यातला हात

संघनृत्याच्या स्पर्धेत पंच म्हणून बसायचं, तर आधी माणसाचा दगड करावा लागतो, असं बाई म्हणत. आणि तो त्या स्वतःच्या हाताने करत. शनिवारी दुपारी शाळेच्या व्यायामशाळेत वर्ग भरे. घामाचा आणि रबराचा वास कोंडलेल्या त्या लांबट खोलीत लोखंडी खुर्च्या मांडायच्या, होतकरू पंचांना त्यावर बसवायचं आणि भिंती थरथरतील एवढ्या आवाजात गाणं लावायचं. ज्याच्या पायाने ताल धरला, तो मेला.

"उठा तुम्ही. तुम्ही प्रेक्षक. बाहेर जाऊन तिकीट काढून या."

"बाई, नुसता अंगठा हलला."

"आज अंगठा हलला, उद्या मन हलेल, परवा गुण हलतील. उठा."

मग पडद्यावर चित्रफीत लागे. वीस-पंचवीस पोरी, एकसारखे कपडे, एकसारखं हसू. बाई काठीने पडदा ठोकायच्या. "मधल्या पोरीकडे बघू नका. ती चांगलीच नाचणार, म्हणून तर तिला मधे ठेवलीय. कडेच्या बघा. कापड कडेला उसवतं, संघही कडेलाच उसवतो. आणि ही चमचम बघू नका. जिथे चमचम जास्त, तिथे काहीतरी झाकलेलं असतं. माणसांचंही तसंच असतं, पण ते आपल्या अभ्यासक्रमात नाही."

लोक हसत. बाई हसत नसत.

ठेंगणी, रुंद बांध्याची, केस कानापर्यंत कापलेली ही बाई पोरवयात स्वतः नाचायची. कडेच्या रांगेत. मधे कधी आलीच नाही. गुडघा गेला तेव्हा नाच सुटला, पण कडेवरून बघायची सवय सुटली नाही. तिच्या जोरावर त्या पंच झाल्या, मग पंचांना शिकवणाऱ्या झाल्या, आणि मग अशी वेळ आली की पंचांच्या संघटनेत त्यांच्या हाताखालून न गेलेला पंच शोधून सापडेना. नवरा टायर दुरुस्त करायचा. दुकान खाली, घर वर. मूलबाळ नव्हतं. "हिची पोरं सगळी खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या पोरींना गुण देतात," असं तो गिऱ्हाइकांना सांगे.

बाईंनी लढून आणलेला एक नियम होता, तो इथे सांगायलाच हवा. पूर्वी स्पर्धेत काही धोका दिसला की कुठलाही पंच शिट्टी फुंकायचा. एकदा अशा शिट्टीने वर उचललेली पोर दचकली आणि खाली आली. बाईंनी शिट्टी बंद केली. ओरडणंही बंद. त्यांनी ठरवलं, मंचाच्या दोन कोपऱ्यांत दोन सुरक्षा-पंच बसतील. धोका दिसला की त्यांनी गप्प उभं राहून हात वर करायचा. समोर मधोमध मुख्य सुरक्षा-पंच. तिला हात दिसला की ती आपला हात वर करणार, आणि संगीतवाला फक्त तिच्याकडे बघणार. तिचा हात वर झाल्याशिवाय गाणं थांबणार नाही. कोपऱ्यावरच्याने खुर्चीपासून हलायचं नाही, आवाज काढायचा नाही, दुसऱ्याच्या बाजूला बघायचं नाही. ज्याने त्याने आपलीच बाजू सांभाळायची.

नियम चांगला होता. कितीतरी पोरी त्याने वाचल्या. आणि मुख्य खुर्चीत वर्षानुवर्षं बाईच बसत.

बाईंचा डावा डोळा जायला लागला तेव्हा तो बोंब मारत गेला नाही. दुखला नाही, खुपला नाही. चोरपावलांनी कडेकडेने गेला. दाराची चौकट खांद्याला लागायला लागली. शेजारीण जिन्यात भेटून रुसली, "बाई, ओळख विसरलात होय?" डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. "गेलं ते परत येत नाही. आहे ते टिकवायचं," म्हणाले आणि थेंब लिहून दिले. उजव्याचीही नाकाकडची कड विझली होती, बाकी तो बरा होता. पण डावीकडचं जग नाकापाशी संपत होतं.

बाईंनी घरी सांगितलं, "चष्म्याचा नंबर वाढलाय." नवऱ्याने काही विचारलं नाही. फक्त जिन्यात उतरताना डाव्या हाताला ठेवलेल्या जुन्या टायरांची चळत त्याने एका सकाळी उचलून उजवीकडे लावली.

आता कोणी म्हणेल, संघटनेत परीक्षा नव्हती का? होती. प्रत्येक पंचाला दर वर्षी नव्याने परीक्षा द्यावी लागे. पडद्यावर चित्रफिती दाखवायच्या, त्यातल्या चुका ज्याने त्याने टिपायच्या, कमी पडला तो वर्षभर घरी. बाईही सगळ्यांबरोबर बसत, तसा त्यांचाच आग्रह होता. पण परीक्षा घेणाऱ्याही बाईच, आणि त्या चित्रफितीही त्यांनीच तयार केलेल्या होत्या. आपल्या जुन्या विद्यार्थिनींना नाचवून, मुद्दाम चुका पेरून. इथे दुसऱ्या रांगेतली उशिरा वळते, इथे डावीकडच्या टोकाच्या पोरीचं मनगट दुमडतं. परीक्षेत बाई पडद्याकडे बघत, आणि न दिसणारी पोर त्यांना आठवत असे. दर वर्षी पैकीच्या पैकी. लोक म्हणत, काय नजर आहे या वयात!

ही फसवणूक आहे असं बाईंना वाटलं नाही. पाठ असणं म्हणजे येणंच की. शिवाय खुर्चीत बसल्यावर त्या मान जरा जास्त फिरवत, एवढंच. असं दोन वर्षं निभलं.

डाव्या कोपऱ्यात बसायची ती टाचणी. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. अंगाने काटकुळी आणि जिभेने टोकदार. एका शाळेत नाच शिकवायची. ती नोकरी पंचाच्या प्रमाणपत्रावर टिकून होती, कारण शाळेला फलकावर 'प्रमाणित शिक्षिका' असं रंगवायला आवडायचं. बाईंनी तिला पुन्हा पुन्हा नापास करून मग पास केलं होतं. "हिला घासली, म्हणून हिला धार आली," असं त्या अभिमानाने सांगत.

त्या दिवशी हॉल खच्चून भरला होता. नाचणारा संघ चांगला होता, जिंकायला आलेला. डाव्या टोकाला तिघी खाली, एक वर, अशी उचल झाली. उतरताना खालच्या तिघींतल्या एकीचा घोटा वळला. ती सावरली, पण लंगडली. लगेच दुसरी उचल येणार होती.

टाचणीने ते पाहिलं. उभी राहिली. हात वर केला.

बाई समोर बघत होत्या. गाणं चालू राहिलं, दुसरी उचल सुरू झाली.

टाचणी हात वर करून उभीच राहिली. शिकवल्याप्रमाणे ओरडली नाही, शिकवल्याप्रमाणे जागची हलली नाही. उजव्या कोपऱ्यातला पंच शिकवल्याप्रमाणे आपल्याच बाजूला बघत होता. संगीतवाला शिकवल्याप्रमाणे फक्त बाईंकडे बघत होता. लोक वर गेलेल्या पोरीकडे बघत होते. खालची लंगडी पोर बसली आणि वरची पाठीवर आली. तिच्या पडण्याचा आवाज मात्र गाण्यावरूनही सगळ्यांना ऐकू आला.

पोर जगली. कमरेखाली हलेना.

संघटनेच्या खोलीत चौकशी बसली. लांब टेबल, उसवलेल्या गाद्यांच्या खुर्च्या, कपाटावर धूळ खात पडलेले करंडक. टाचणी म्हणाली, "मी हात वर केला होता. वेळेवर केला होता." सचिवाने विचारलं, कोणी पाहिला? कोणीच पाहिला नव्हता. कॅमेरे मंचाकडे होते. सगळ्यांना इतकं चोख शिकवलेलं होतं, की एकही साक्षीदार उरला नव्हता.

मग सचिवाने बाईंना विचारलं, "बाई, तुम्हाला हात दिसला?"

"नाही दिसला," बाई म्हणाल्या.

हे अक्षर न् अक्षर खरं होतं. सचिवाने मान डोलावली. बाईंना दिसला नाही म्हणजे हात वर झालाच नाही, यात त्या खोलीत कोणाला शंका नव्हती. पुढच्या बैठकीत टाचणीचं प्रमाणपत्र रद्द करायचं ठरलं. टाचणी बाईंकडे बघत राहिली. ती डावीकडे बसली होती.

त्या आठवड्यात बाईंनी वर्ग घेतला नाही. घरात कपड्यांच्या घड्या घालत बसल्या. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालायच्या. नवरा दुपारचा चहाला वर आला आणि समोर टेकला.

"अगं, ती चादर आता दमली असेल."

"गप बसा हो."

"मी गपच आहे. दोन वर्षं गपच आहे."

बाईंचा हात थांबला. "म्हणजे काय?"

तो काही बोलणार, तेवढ्यात त्याची नजर दाराकडे गेली. टाचणी आली होती. दुकानातून सरळ वर चढून, चौकटीला हात लावून डाव्या बाजूला उभी. भांडायलाच आली होती, तोंडावर दिसत होतं. बाई नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "बोला की. तोंडात गुळणी धरली का?" टाचणीने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. तिचा राग जागच्या जागी अडखळला. मग तिने सावकाश, शिकवल्यासारखा ताठ, हात वर केला.

बाई चादरीचं टोक जुळवत होत्या.

नवऱ्याने मान खाली घातली. टाचणीने हात खाली घेतला.

"बाई, कधीपासून?"

बाई दचकल्या, चादर घसरली. "कोण? तू? तू कधी आलीस?"

"मघाशीच. तुमच्या समोरच होते." टाचणी आत आली नाही. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम बुडवलंत. तेवढ्या एका रागावर मी आठवडाभर उभी होते. आता तोही काढून घेतलात."

"बस जरा. ऐक..."

"काय ऐकू? त्या पोरीसमोर मी हात वर करून खांबासारखी उभी राहिले. एक हाक मारली असती तर? चार पावलं पळाले असते तर? पण नाही. ओरडायचं नाही, हलायचं नाही. बाईंना दिसेल." तिचा आवाज फाटला. "तुम्हाला ठाऊक होतं, डावीकडे तुम्हाला कोणी नाही. मला तरी सांगायचंत. मी ओरडले असते हो."

"आता तू त्यांना सांग," बाई म्हणाल्या. "माझा डोळा गेलाय म्हणून सांग."

"मी? म्हणजे म्हणतील, स्वतःची कातडी वाचवायला ही म्हातारीच्या डोळ्यावर उठली. नाही. तुम्ही सांगा, नाहीतर राहू द्या." आणि ती जिना उतरून गेली. नवऱ्याने मागून हाक मारली, तिने ओ दिली नाही.

दुसऱ्या बैठकीत बाईंनी सांगितलं. एका दमात, कोणी विचारायच्या आधी. डोळा, थेंब, चित्रफिती, पाठांतर, सगळं. टाचणी मान खाली घालून बोटांची नखं बघत होती.

सचिवाने उठून दार लावलं.

"बाई, तुम्ही थकलाय. घरी जा."

"माझी परीक्षा घ्या. नवी चित्रफीत लावा. आत्ता घ्या."

"आणि तुम्ही नापास झालात तर?" सचिव खालच्या आवाजात म्हणाला. "तुम्ही पास केलेला प्रत्येक पंच उद्या दारात येईल. हरलेला प्रत्येक संघ येईल. इथे बसलेले आम्ही सगळे तुमच्याच हाताखालचे. एक टाचणी गेली तर गेली हो. तिला दुसरं काम बघू. अख्खं छप्पर खाली घ्यायचं का?"

टेबलाभोवतीचे सगळे खुर्च्यांवर ताठ बसून राहिले. त्यांनाही दगड बाईंनीच केलं होतं.

बाई उठल्या. खुर्चीला अडखळल्या, सावरल्या आणि सचिवाने लावलेलं दार उघडून बाहेर आल्या.

बाहेर बाकावर पोरीचा बाप बसला होता. रंगारी माणूस, नखांच्या कडांत पांढरा रंग. इस्पितळातून तसाच आला होता, निकाल ऐकायला. त्याच्याबरोबर संघातल्या पोरींच्या आया उभ्या होत्या. बाई त्याच्यासमोर जाऊन थांबल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"हात वर झाला होता. तिने वेळेवर केला होता. तो बघायचं काम माझं होतं. मला डाव्या डोळ्याने दिसत नाही. दोन वर्षं झाली."

मागे दारात सचिव येऊन थांबला, पण आता झाकायला काही उरलं नव्हतं.

बाप त्यांच्या दोन्ही डोळ्यांत आळीपाळीने बघत राहिला. दोन्ही सारखेच दिसत होते, गेलेला कोणता तेच त्याला कळेना.

"तुमची परीक्षा होत नाही का?" त्याने शेवटी विचारलं. "म्हणजे, पोरींना इथे पाठवताना आम्हाला सांगितलं होतं, दर वर्षी होते म्हणून."

"होते."

"कोण घेतं?"

"मीच."

आयांपैकी एकीने तोंडावर पदर दाबावा तसा हात दाबला. बाप हसला की काय असं वाटलं, पण ते हसू नव्हतं. तो उठला. हात उगारील म्हणून सचिव पुढे सरकला. त्याने हात उगारला नाही.

"पोर विचारते मला," तो म्हणाला. "जाग आली की तेच. बाबा, माझं काय चुकलं? मी म्हणतो, काही नाही चुकलं बाळ. तिला पटत नाही. म्हणते, तुम्हाला नाचातलं काय कळतं?" त्याने नाक पुसलं. "चला."

"कुठे?"

"तिच्याकडे. तुम्हाला कळतं ना नाचातलं? तुम्ही सांगा."

बाई जागच्या हलेनात. टाचणी दारातून बाहेर आली आणि कोणाकडे न बघता निघून गेली, तरी बाई तशाच. एवढ्या माणसांना खुर्चीवर बसायला शिकवलं, एवढ्यांना उठवलं. त्या पोरीच्या खाटेपाशी उभं कसं राहायचं, ते त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

"येताय का?" बाप जिन्याच्या तोंडाशी पोचला होता. तो थांबला नाही, उतरायला लागला.

बाईंनी चाचपून कठडा धरला आणि त्याच्या मागोमाग एकेक पायरी उतरायला लागल्या.