अटींत बसणारा एकच

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आज औद्योगिक वसाहतीतून फिरताना त्या मोठ्या स्प्रिंग कंपनीचं बंद फाटक दिसलं आणि आतल्या हिरवळीवर चरणाऱ्या शेळ्या. पहारेकरी म्हणाला, "गेली कंपनी, आजोबा. शेजारच्या राज्यानं करात जास्त वर्षं सूट दिली."

जाणारच होती. आमिषानं आलेला पाहुणा मोठ्या आमिषाकडे जातो. राज्यांनी कर कमी करण्यात खुशाल चढाओढ करावी, पण ती सगळ्यांसाठी. मी ज्या उद्योग खात्यात होतो, त्याचं औदार्य एकट्या लाडक्यापुरतं होतं. सवलतीच्या अटी कंपनीच्याच माणसानं आणून दिल्या. मी त्या सरकारी मराठीत उतरवल्या आणि वर निर्लज्जपणे लिहिलं, 'योजना सर्वांसाठी खुली'. त्या अटींत दुसरं कुणी बसूच शकत नव्हतं.

तशाच स्प्रिंगा लहानशा गाळ्यात बनवणारे कदम तेव्हा माझ्या टेबलापाशी आले होते. "साहेब, मला सूट नको. दोघांना एकच दर लावा. मग बघू कोण टिकतं."

"कदम, आधी तेवढे मोठे तर व्हा!" मी म्हणालो. सगळं ऑफिस हसलं. पुढे पुरा कर भरत कदमांनी एकेक यंत्र विकलं.

गेल्या महिन्यात ते दवाखान्यात दिसले. क्षमा मागायची ठरवून मी जवळ गेलो. त्यांनी उठून आपली खुर्ची दिली. "बसा, साहेब."

मी बसलो. नंबर येईपर्यंत गुडघेदुखीबद्दल बोललो आणि आत निघून गेलो.