चाचणीपुरती मेलेली केराबाई

शिवपुत्र माझा शाळेपासूनचा मित्र. मी नवी पेठेत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि तो हैदराबादच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. म्हणजे कंपनी हैदराबादला. हा इथंच होटगी रोडवर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, कॅमेऱ्यापुरता इस्त्रीचा शर्ट आणि खाली लुंगी. घरात तो आणि त्याची आज्जी केराबाई. तिला सगळे अव्वा म्हणतात. आई-वडील मेंढरं घेऊन निम्मं वर्ष रानोमाळ फिरतात.

जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या दुकानात येतो आणि काउंटरवर कोपर टेकून सिनेमे, वेब सिरीज यांच्यावर प्रवचन झोडतो. दक्षिणेतला डब केलेला मारधाडपट असो की कोरियातली रडारड, साहेबांना सगळ्यावर मत आहे. खलनायकाची माणसं एकेक करून मार खायला का येतात, सगळी एकदम का नाही येत. नायिका घरातून पळून जाताना बॅगेत चार्जर का घेत नाही. असले प्रश्न त्याला खरोखर छळतात. मला हसू येतं आणि रागही येतो, कारण तेवढ्या वेळात माझे दोन डिस्प्ले बसवून होतात. पण तो आला नाही तर दिवस अळणी जातो, हेही खरं.

या सिनेमाच्या नादानंच पुढचं सगळं झालं असं मी बरेच दिवस लोकांना सांगत होतो. ते अर्धवट खरं आहे.

त्याची कंपनी एका विमा कंपनीसाठी प्रोग्रॅम तयार करत होती. विमा काढलेला माणूस वारला, की वारसाच्या मोबाईलवर आपोआप मेसेज जायचा: अमुक यांचं अमुक वारी निधन झालं, आम्हाला दुःख आहे, आपल्या दाव्याचं काम सुरू झालं आहे. असा प्रोग्रॅम तपासायचा तर खोटी माणसं लागतात आणि खोटी मरणं लागतात. शिवपुत्रनं आधी सिनेमातली नावं भरली होती. त्यामुळं विमा कंपनीच्या साहेबांसमोर पडद्यावर एक गाजलेला खलनायक लागोपाठ तीनदा मेला आणि तिन्ही वेळा वारस म्हणून नायकच निघाला. साहेब हसले, याचा मॅनेजर मात्र तापला. खऱ्या माणसांसारखी नावं टाका म्हणाला. शिवपुत्रनं फार डोकं चालवलं नाही, घरातलीच नावं टाकली. मयत, केराबाई, वार रविवार. वारस, मुलगा बिरप्पा, म्हणजे शिवपुत्रचे वडील. नंबरही त्यांचाच. आजकाल कुणाला नंबर पाठ असतात? याला स्वतःचा सोडून तेवढा एकच पाठ होता.

चाचणीतले मेसेज बाहेर जात नाहीत. त्यासाठी एक बटण बंद ठेवलेलं असतं. त्या गुरुवारी सकाळी, मराठी अक्षरं मोबाईलवर नीट उमटतात का हे बघायला त्यानं ते बटण चालू केलं आणि स्वतःच्या नंबरावर एक मेसेज मागवला. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागेवर. खूश होऊन गडी मीटिंगला बसला. बटण तसंच चालू राहिलं आणि रांगेत थांबलेली केराबाई वडिलांच्या मोबाईलकडं निघाली.

आता आणखी एक सांगायला हवं. बिरप्पाकाका आणि शिवपुत्र यांचं बोलणं उन्हाळ्यापासून बंद होतं. गावच्या बिरोबाच्या जत्रेला हा कंपनीच्या कामामुळं गेला नाही. काका फोनवर म्हणाले, "देवानं बी आता तुज्या कंपनीची सुट्टी बगून यायचं व्हय?" यानं उलट उत्तर दिलं. तेव्हापासून फोन नाही. दर आठवड्याला हा एक मेसेज टाकायचा, अव्वा बरी आहे, एवढाच. तिकडं काका जिथं मेंढरं बसवली असतील तिथल्या कुणाकडून तरी तो वाचून घ्यायचे. मी दोघांवरही वैतागलो होतो. बाप हटून बसलेला आणि पोरगा त्याच्या वरचढ.

दुपारी शिवपुत्र दुकानात आला तो एका नव्या सिरीजच्या फालतू शेवटावर चिडलेलाच. बोलता बोलता त्याचा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर होता. कुणा शेतकऱ्याच्या फोनवरून त्याची आई बोलत होती, आणि यानं सवयीनं स्पीकर लावला.

"शिवा, अव्वा गेली आनि आमाला कळवलं बी न्हाईस? रविवारी गेली म्हनं. माती बी उरकलीस व्हय रं?"

"कोन म्हनलं?"

"मेसेज आलाय की! हितल्या मास्तरानं वाचून दावला. केराबाई रविवारी वारल्या, विम्याचं काम चालू केलंय म्हनून."

शिवपुत्रला लगेच कळलं. मला अजून काही उमगलं नव्हतं.

"आई, अव्वा घरी हाय. भाकरी खाऊन झोपलीया. त्यो मेसेज खोटा हाय, माज्याकडनं चुकून गेला. आप्पास्नी फोन दे."

ती हुंदका देऊन म्हणाली, "ते हितं कुटं हायती? डोस्कं भादरून घेतलं, मिशी बी काढली. काठी उचलली आनि गेले नदीकडं. लई येळ झाला. फोन बंद हाय. जाताना म्हनाले, मला आता आई बी न्हाय आनि ल्योक बी न्हाय."

मेंढरं तेव्हा भीमेकाठी होती आणि नदीला त्या दिवसांत वरच्या धरणातून पाणी सोडलेलं होतं. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

शिवपुत्र मोबाईलमध्ये काहीतरी शोधत होता. मी डोकावलो. मीटिंग चालू असताना आप्पांचे, म्हणजे बिरप्पाकाकांचे, फोन येऊन गेले होते, एका पाठोपाठ एक. सगळे यानं कापले होते. आणि फोन कापला की मोबाईल आपोआप पाठवतो तो तयार मेसेज प्रत्येक वेळी गेला होता: कामात आहे, नंतर बोलतो.

"अरे, बघायचं तरी कुणाचा फोन आहे!" मी ओरडलोच.

"बघितलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, भांडायला केलाय."

मी शटर ओढलं. माझ्याकडं एक जुनी ओम्नी आहे, तीत त्याला कोंबलं आणि आधी त्याच्या घराकडं घेतली. काका सापडले तरी नुसत्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसणार नाही, अव्वाच दाखवावी लागणार, हे मला कळत होतं. सात रस्त्याला गाड्यांचा असा गुंता झाला होता, की मी आयुष्यात कधी दिल्या नाहीत तेवढ्या शिव्या तिथं देऊन घेतल्या.

केराबाईला झोपेतून उठवून मागच्या सीटवर बसवलं. म्हातारीला गाडीत बसायची भारी हौस. पदर सारखा करून तिनं विचारलं, "कोन गेलं म्हनायचं? एवडी घाई?"

माझं डोकं फिरलेलंच होतं. "तूच गेलीयस," मी म्हणालो.

"मी? कवा?"

"रविवारी."

"आगं बया! आनि मला कुनी सांगिटलं न्हाय."

एरवी मी हसून हसून लोळलो असतो. शिवपुत्रनं तिला खाली मान घालून सगळं सांगितलं. ऐकून तिनं मागून त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, चांगला जोरात. होटगी मागं पडली तरी ती बिरोबाचं नाव घेत होती आणि मध्येच विचारत होती, "बिरप्पाला पवाया येतंय न्हवं? लहानपनी येत हुतं."

शिवपुत्र आप्पांचा नंबर लावत होता, बंद आहे ऐकत होता आणि पुन्हा लावत होता. मला ते सहन होईना. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "सिनेमात असतं तर आपण बरोब्बर वेळेवर पोचलो असतो."

"सिनेमात असला पोरगा बघितला असता तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या," तो म्हणाला. "बापाचा फोन कापणारा. मी म्हटलं असतं, इतकं वाईट कोण असतं का, लेखकाला अक्कल नाही."

पुढं ऊस सुरू झाला, रस्ता संपून चाकोरी लागली. मेंढरं एका मोकळ्या रानात बसली होती. त्याची आई बांधावर उभीच होती. अव्वाला गाडीत बघून ती मटकन खाली बसली आणि हातानंच नदीची दिशा दाखवली. अव्वाला तिच्यापाशी सोडावं असं मला वाटलं, पण म्हातारी उतरायला तयार नव्हती, म्हणून त्याच्या आईलाच गाडीत घेतलं.

नदीपासून थोडं अलीकडं गाडी थांबली. शिवपुत्र उडी मारून पळाला, मी मागं. काठावरच्या खडकावर एक पटका नीट घडी करून ठेवलेला होता. शेजारी काठी. चपला. माणूस नव्हता.

पाणी गढूळ आणि भरलेलं. शिवपुत्र गुडघाभर पाण्यात शिरला आणि "आप्पा!" म्हणून ओरडला. मी त्याचा शर्ट मागून धरून ठेवला. मनात वाईट ते सगळं येऊन गेलं. आता पोलीस पाटलाला सांगावं लागेल, होडीवाले बघावे लागतील, आणि या पोराला आयुष्यभर सांभाळावं लागेल. तो आणखी पुढं जायला बघत होता आणि माझी पकड सुटत चालली होती.

"कशाला वरडतोस?"

आम्ही वळलो. बाभळींच्या मागून एक तुळतुळीत डोक्याचा माणूस खांद्यावर धोंडा घेऊन आला. मिशीशिवाय मी काकांना ओळखलंच नाही. त्यांनी तो धोंडा खडकापाशी उभा मांडला, कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढून त्याला लावला, आणि मगच लेकाकडं बघितलं. आईची माती मिळाली नाही, म्हणून तिच्या नावानं दगड मांडत होते ते.

"झालं का तुजं काम?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

तेवढ्यात मागून, चढावरून, सुनेच्या खांद्याला धरून केराबाई उतरत होती. "बिरप्पा! आरं डोस्कं का भादरलंस मेल्या, मी हाय की अजून!"

काकांच्या हातातला भंडारा सांडला. ते जागेवर उभे राहिले, एक पाऊलही टाकता येईना त्यांना. म्हातारीच जवळ गेली. ते खाली बसले, तिच्या पायांना मिठी मारली आणि लहान पोरासारखे मोठ्यानं रडले. ती त्यांच्या उघड्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मीही रडलो, सांगायला लाज कसली.

मग तिची नजर धोंड्यावर गेली. "ही मी व्हय?" तिनं विचारलं. "जरा मोटा बगायचा की."

सून हसली, मी हसलो. बापलेक हसले नाहीत.

शिवपुत्र ओल्या पँटीनं वडिलांसमोर येऊन बसला. "आप्पा, प्रोग्रॅमची चूक झाली. म्हंजे माजीच. नावं खोटी म्हनून टाकली हुती, बटन बंद करायचं राहिलं."

"ते आसंल," काका म्हणाले. "मशीन हाय, चुकनारच. तेचं मला काय न्हाय."

त्यांनी नाक पुसलं.

"पन मास्तरानं वाचलं तवा मला ते खोटं वाटलंच न्हाय, शिवा. एकदा बी वाटलं न्हाय. आई मेली तरी तुजा फोन न्हाय, मेसेजच यील, असंच वाटलं मला."

काकांनी खडकावरचा पटका उचलला, झटकला आणि उघड्या डोक्याला बांधायला घेतला.