मशीनची आरती

घुग्घुसच्या रेल्वे साइडिंगवर आम्ही बाया टोपल्यांनी मालगाडीचे डबे भरायचो. ऐंशीनंतर कधीतरी तिथं कोळसा भरायची मशीन आली, पिवळीधम्मक, झेंडूचा हार घालून. साहेबानं आरतीचं ताट नेमकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, हिला ओवाळा.

आमच्या घरानं छप्पन साली बुद्धाचा धम्म घेतला, तेव्हा आईनं देव्हाऱ्यातले देव वर्धा नदीत सोडले होते. तिनं देवांची गय केली नाही, आणि मी लोखंडाची आरती करू? मी ताट खाली ठेवलं.

"ही आमचं काम घ्याले आली, साहेब. हिले ओवाळू काऊन?"

माझ्यासोबतच्या बाकीच्या बाया देव मानणाऱ्या, उपासतापास करणाऱ्या. पण ताट एकीनंही उचललं नाही. शेवटी साहेबानंच नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या हाती झाडू दिले.

पावसाळ्यात मशीन चिखलात रुतून बंद पडली. मालगाडी उभी, डबे रिकामे. साहेब धावत आला. "बाई, टोपल्या काढा."

"काढतो ना," मी म्हटलं. "पहिले आमाले ओवाळा."