चार खेपांची सोनोग्राफी

आता माझ्या हुशारीचं काय वर्णन करू तुम्हाला! पंधरा वर्षं गोंडपिपरीत सोनोग्राफी करतेय. पडद्यावर नुसती सावली हलली तरी रोग ओळखते, असा माझा तोरा. तो उतरवला सुमनबाईंनी.

बाई विधवा, वय पंचेचाळीस, धानाची शेती एकटीने करणाऱ्या. सहा महिने पोट वाढत चाललेलं आणि गावातल्या बाया पदराआडून विचारत, "कितवा महिना?" त्या बाईच्या जिवाचं काय होत असेल, सांगा! मला म्हणाल्या, "मॅडम, पोटात काय आहे थे कागदावर लिहून द्या. मले गावाले दाखवाचं आहे."

"आत्ता देते!" मी ऐटीत मशीन लावलं. बघते तर काय, पडद्यावर घागरभर पाणी!

"अहो बाई, केवढं पाणी प्यालात? लघवीची पिशवी फुटेल! जरा मोकळ्या होऊन या."

त्या गेल्या, आल्या. पाणी तेवढंच!

"लाजलात वाटतं. नीट जाऊन या."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सोबत सिस्टरला धाडलं, पहाऱ्याला. चौथ्यांदा तर मी स्वतः नळ सोडून संडासाच्या दाराशी उभी! आतून आवाज आला, "मॅडम, आता इथी विहीर खोदू का? नाई येऊन राह्यली!"

तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं. पुन्हा झोपवलं, सावकाश पाहिलं. लघवीची पिशवी बिचारी रिकामी, खाली चपटी होऊन पडलेली. जिला मी चारदा रिकामी करायला निघाले होते, ती गर्भाशयाची गाठ होती! देठाने लटकलेला फायब्रॉइड, आतून विरघळून पाण्याने भरलेला. असला नमुना मी फक्त पुस्तकात पाहिला होता.

रिपोर्टवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं: गर्भ नाही, गाठ आहे. सुमनबाईंनी कागद छातीशी धरला आणि ढसाढसा रडल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं हो.

चंद्रपूरला ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली. बाईंनी तो कागद गावभर वाचून दाखवला. महिना विचारणाऱ्या बायांच्या तर दारात उभं राहून!

मग मी मागे राहते होय? डॉक्टरांच्या बैठकीत फोटो लावले. एकाने विचारलं, "मॅडम, इतका फसवा फायब्रॉइड ओळखलात कसा?"

"अनुभव!" मी म्हटलं. चार खेपा गिळून टाकल्या. काय टाळ्या पडल्या! खोटं कशाला बोलू, अजून छाती फुगते.

परवा सुमनबाईंच्या गावच्या पाच बाया आल्या, खास माझं नाव काढत. मी खूश. पहिलीला झोपवलं तर लघवीची पिशवी ठणठणीत कोरडी! ती भरलेली नसली तर गर्भाशय नीट दिसतच नाही. दुसरी कोरडी, तिसरीही कोरडी!

"काऊन हो, पाणी पिऊन यायला सांगितलं होतं ना?"

"पेलो न, मॅडम! पन सुमनबाईनं सांगतलं, तुमाले चारदा जाऊन आल्याबिगर काईच दिसत नाई. म्हून आमी चारही खेपा बाहेरच उरकून आलो!"