आशाबाईंच्या दारातला सांगावा

साठी उलटलेला माणूस विद्यार्थी म्हणून समोर येऊन बसला, तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. हे आधीच कबूल करते, कारण पुढे जे अभिमानानं सांगणार आहे त्यात माझा वाटा फार थोडा आहे.

काकासाहेब भूमी अभिलेख खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या, नोकरी सांभाळून एलएल.बी. केलं आणि निवृत्तीनंतर आमच्या कॉलेजात एलएल.एम.ला आले. रोज करमाडहून एसटीनं यायचं, क्रांती चौकात उतरायचं आणि तिथून पायी. प्रबंधाला विषय कोणता, असं मी विचारलं. मला वाटलं, जमीन महसूल. ते म्हणाले, सायबर जगात देशादेशांमधला कायदा कसा लागतो, ते.

"कामून?" मी त्यांच्याच बोलीत चिडवलं.

"मॅडम, जन्मभर हद्दीच मोजल्या. जिथं हद्द दिसतच नाय, तिथं लोकं कसे भांडतेत ते बघायचं हाय."

विषय सोपा करून सांगते. एका देशातल्या दवाखान्यांचे संगणक कुणीतरी बाहेरून बंद पाडले. हल्ला शेजारच्या देशातल्या यंत्रांवरून आला. मग शेजाऱ्याला जबाबदार धरायचं का? आपली भूमी दुसऱ्या देशाच्या हक्कांविरुद्ध वापरली जातेय हे ठाऊक असताना कुठल्याही देशानं ते चालू देऊ नये, असं आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १९४९ सालीच म्हटलंय. पण तो निकाल समुद्रातल्या सुरुंगांबद्दलचा. संगणकांना तो किती लागतो यावर आजही एकमत नाही. काही देश म्हणतात बंधन आहे, काही म्हणतात नुसती अपेक्षा.

काकासाहेबांनी शब्दकोश मांडीवर घेऊन हे सगळं वाचलं आणि तिसऱ्या प्रकरणात आपली वस्ती घुसवली. त्यांच्या वस्तीवर एक रीत आहे. एकाच्या रानातून पाणी फुटून दुसऱ्याच्या पिकात शिरलं, तर चार माणसं घेऊन त्याच्या दारात जायचं आणि सांगावा द्यायचा. सांगाव्याआधीचं नुकसान नशिबाचं, नंतरचं त्याचं. आणि सांगावा दिल्याशिवाय दुसऱ्याच्या पाण्याला हात लावायचा नाही.

मी ते प्रकरण काढायला सांगितलं. प्रबंध एकदा सुधारणेसाठी परत आला होता; पुन्हा परत आला असता तर नोंदणीच रद्द झाली असती आणि सगळी मेहनत पाण्यात गेली असती. "काकासाहेब, परीक्षक पुण्याहून येतायत. त्यांना हेगचं न्यायालय हवंय, तुमचा बांध नको." त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, ऐकलं. कसलं काय! प्रती जमा झाल्यावर पाहिलं, तर प्रकरण जसंच्या तसं, वर बारा पानं वाढलेली. तीन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

तोंडी परीक्षेला ते कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. परीक्षकांनी थोडा वेळ पानं चाळली आणि थेट दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

"तुमचा प्रबंध हल्ला झालेल्या देशाची बाजू घेतो. समजा, त्यानं पुरावे तपासले, खात्री केली आणि शेजाऱ्याची यंत्रं बंद पाडली. नंतर कळलं की हल्ला तिसऱ्याचाच होता, शेजारी नुसता वाटेत होता. मग याला माफी?"

खात्री करून प्रत्युत्तर दिलं तर देशाला दोष नाही, हा शेवटच्या प्रकरणातला निष्कर्ष; उत्तर 'नाही' दिलं तर तोच कोसळत होता. मी मनातल्या मनात त्यांना विनवत होते की 'परिस्थितीवर अवलंबून आहे' म्हणा आणि सुटा. आम्ही वकील मंडळी दुसरं काय म्हणतो?

"माफी नाय, सर," काकासाहेब म्हणाले. "मी बी तेच केलं व्हतं."

"तुम्ही?"

"अठ्ठ्याण्णव साली माझ्या कांद्यात पाणी शिरलं. वर आशाबाईचं रान. मी मोजणीदार, ओल कुठून आली ते मला कोण शिकवणार? सांगावा दिला नाय. तिची पाइपलाइन माझ्या रानातून जायची, ती तोडली. आठ दिवसांनी कळलं, पाणी तिच्याबी वरच्या रानातलं. तिच्यातून नुसतं वाहून आलं. तवर तिची मोसंबीची झाडं सुकली. चैत्राचं ऊन लई वाईट."

"मग?"

"पाऊस पडेपर्यंत माझ्या विहिरीचं पाणी तिच्या झाडांना दिलं. निम्मी जगली. सर, खात्री माझी व्हती, मंग चुकीचा भारबी माझाच. देशाचंबी तसंच. उत्तर द्यायचा हक्क हाय, पण चुकला तर भरपाई त्यानंच करायची. म्हणून आधी सांगावा."

परीक्षकांनी चष्मा काढला. "प्रत्युत्तर देणारा देश स्वतःच्या जोखमीवर देतो, असं आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या भाष्यातही आहे. ते तुम्ही तळटीपेत टाकलंय. वर का नाही?"

"वर माझी चूक लिहिली, सर, नुसतं नाव घातलं नाय. ती मला जास्त पक्की माहीत हाय."

"मग शेवटचा निष्कर्ष बदलावा लागेल."

"बदलतो," म्हणत त्यांनी तिथंच खिशातून पेन काढलं. परीक्षक हसले. तेवढी एक दुरुस्ती सुचवून त्यांनी प्रबंध मंजूर केला आणि मला वर बजावलं, तिसऱ्या प्रकरणाला हात लावू देऊ नका. हे त्यांनी मला सांगावं! पण त्या दिवशी मला राग आला नाही. अभिमानानं ऊर भरून आला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

दुरुस्त केलेली प्रत बांधून आली तेव्हा त्यांनी मला करमाडला बोलावलं. अर्पणपत्रिकेत माझं नाव असणार, अशी माझी समजूत. उघडून पाहिलं तर एकच ओळ होती: 'आशाबाईंना, ज्यांच्या दारात मी गेलो नाही.'

त्यांच्या घरी त्यांची बायको सुरेखाबाई आणि दोन शेजारी तयार होऊन बसले होते. मला धरून चार माणसं झाली, हे मला बांधावरून चालताना लक्षात आलं.

आशाबाई दारातच ज्वारी पाखडत होत्या. काकासाहेब उंबऱ्याबाहेर थांबले. प्रबंध त्यांनी दोन्ही हातांनी पुढे धरला.

"आशाबाई, अठ्ठ्याण्णव सालीच यायचं व्हतं," ते म्हणाले. "आज आलो."

आशाबाईंनी सूप बाजूला ठेवलं, आम्हा चौघांकडे एकेक करून पाहिलं आणि मग काकासाहेबांकडे.

"आला ना," त्या म्हणाल्या. "मंग बाहेर कामून उभा? या, बसा."